नग : शून्य पूर्णांक एक दशांश

मी बल्ब बदलत नाही. हे मी आमच्या इमारतीत गेली सव्वीस वर्षं सांगत आलोय, आणि सव्वीस वर्षं जिन्यातला दिवा गेला की दार माझंच वाजतं. बाहेर हेडविकाबाई कुबेशोवा उभ्या असतात. चौथ्या मजल्यावर राहतात, औषधांच्या दुकानातून निवृत्त झाल्या आणि लगेच इमारतीच्या समितीच्या अध्यक्ष झाल्या, त्यामुळे लोकांना डोस देणं काही थांबलेलं नाही. "तुम्ही उजेडाचंच काहीतरी करता ना?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. करतो. पण मी उजेड कमी करतो. मी, डॉक्टर लुमिर वीमाझल, वय बावन्न, ओलोमोउत्सच्या एका प्रयोगशाळेत लेसरचा झगझगीत झोत घेतो, त्याच्यापुढे काळ्या काचेवर काळी काच लावत जातो, आणि तो इतका क्षीण करतो की एका झटक्यात सरासरी एक दशांश फोटॉन उरतो. उजेड वाढवणाऱ्यांना जगात मान आहे. कमी करणाऱ्याला लोक शिडी घेऊन बोलावतात.

हे सगळं मी एरवी कुणाला सांगत नाही. पण सप्टेंबरातल्या त्या रविवारी जेवताना माझे सासरे नको ते बोलले आणि माझ्या तोंडून नको ते निघून गेलं.

सासरे म्हणजे विलेम हानाक, वय त्र्याऐंशी. एकेचाळीस वर्षं कारखान्यात भिंगं घासली. सासूबाई गेल्यापासून तीन वर्षं आमच्याकडे होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोळ्यांची सोय केली आणि आता त्यांच्या स्वतःच्या नजरेचा मधलाच भाग गेला होता. समोर पाहिलं की माणूस नाहीसा व्हायचा, कडेनं पाहिलं की थोडा दिसायचा. त्यामुळे माझ्याशी बोलताना ते खिडकीकडे तोंड करायचे. पहिली तेवीस वर्षं नजर शाबूत असतानाही ते माझ्याशी बोलताना खिडकीकडेच बघायचे, हा भाग वेगळा. मला ते 'जावईबापू' म्हणायचे आणि त्यात लाड नव्हता.

तर बाबा म्हणाले, गावच्या संग्रहालयात 'आपल्या गावची कारागिरी' असं दालन उघडतंय, त्यात माझं भिंगं घासायचं चाक ठेवणार आहेत. एवढं बोलून त्यांनी उकडलेल्या पिठाच्या गोळ्यानं ताटातला रस्सा पुसून घेतला आणि खिडकीला विचारलं, "तुझं काय ठेवतील, जावईबापू?"

"एक फोटॉन," मी म्हणालो.

बायको, ब्लांका, हिनं टेबलाखालून मला पाय मारला. ती शाळेत गाणं शिकवते आणि कोण कधी बेसूर होणार हे तिला आधी कळतं. पण बाबांनी काटा खाली ठेवला. मग म्हणाले, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं उजेड बादल्यांनी इकडून तिकडे पाठवला, पण त्याचा एक दाणा कधी पाहिला नाही, आणि आता पाहायला डोळे नाहीत. ऐकू आला तरी चालेल. पण येत्या नव्हे, त्यापुढच्या शनिवारपर्यंतच. त्या शनिवारी ते थोरल्या मुलीकडे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, हेबला राहायला जाणार होते. तिथं तळमजला होता, बाग होती. आणि त्या वयात माणूस सामान बांधून जातो तेव्हा परत येण्याचं कुणी बोलत नाही.

झालं. आता माघार नव्हती.

संग्रहालयाच्या संचालकांनी मला खिडकीजवळ एक टेबल दिलं. दालन त्याच आठवड्यातल्या गुरुवारी उघडणार होतं. शेजारच्या टेबलावर आमच्या गावचं प्रसिद्ध चीज होतं, ज्याचा वास ट्रामच्या थांब्यापर्यंत येतो आणि ज्याच्यावर गावाचं माझ्यापेक्षा जास्त प्रेम आहे. चीजवाल्यांना आणखी एक टेबल हवंच होतं. नगरपालिकेतल्या नोंदीचे माझे कागद वेळेत झाले नाहीत तर माझी जागा चीजला जाणार हे संचालकांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं.

पेटी मी चार दिवसांत तयार केली आणि ती उत्तम झाली होती. मी कामात कच्चा नाही. पुढं एक बटण. बटण दाबलं की आत लेसरचा एकच झटका, काळ्या काचांतून गाळून निघालेला. मग एक अर्धपारदर्शक आरसा, आणि आरशाच्या दोन बाजूंना, हॉटेलच्या टेबलावर असतात तसल्या दोन घंट्या. फोटॉन म्हणजे उजेडाचा सुटा दाणा. तो अर्धा होत नाही. आरशापाशी आला की डावीकडे तरी जातो, नाहीतर उजवीकडे, आणि तिकडची घंटी वाजते. दोन्ही घंट्या एकदम वाजल्या तर समजायचं की दाणे एकाहून जास्त होते. इतकं सरळ.

ब्लांकानं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. सहा वेळा दाबून ती म्हणाली, बिघडलंय.

मी तिला समजावलं की बिघडलेलं नाही, सरासरी एक दशांश आहे. म्हणजे फोटॉनचा दहावा तुकडा नव्हे; तसा तुकडा जगात कुठेही नाही. दहादा दाबलं तर साधारण नऊदा काहीच नाही आणि एकदा एक अख्खा फोटॉन. ब्लांका म्हणाली की तिच्या शाळेतही एक मुलगा दहा तासांतून एकदा येतो, पण त्याला आम्ही प्रदर्शनात ठेवत नाही.

एवढ्यात हेडविकाबाई आल्याच. त्यांनी दारात रीतीप्रमाणे जोडे काढले, आमच्या चपला पायात सरकवल्या आणि पेटीला प्रदक्षिणा घातली. त्यांचा सल्ला असा की लोक लेकरांना घेऊन येणार, तर घंटी दर वेळी वाजलीच पाहिजे. आणि औषधाच्या दुकानात अर्धी गोळी देता येते, कारण गोळी कापता येते. फोटॉन कापता येतो का? मी म्हणालो, नाही. "मग एक दशांश आणला कुठून?" असं विचारून त्या माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिल्या. मी सरासरी हा शब्द उच्चारला. त्या म्हणाल्या, सरासरीनं कुणाचा ताप उतरत नाही. जाता जाता जिन्यातला बल्ब पुन्हा गेल्याचं त्यांनी कळवलं.

सोमवारी मी नगरपालिकेत गेलो. कचेरी लोकांसाठी फक्त सोमवारी आणि बुधवारी उघडी असते. उरलेले तीन दिवस ते लोक आमच्यापासून विश्रांती घेतात. प्रदर्शनातल्या वस्तूंची नोंद क्राटिना नावाचे गृहस्थ ठेवतात. सडपातळ, व्यवस्थित, आवाज खालचा. त्यांच्या टेबलावर तीन शिक्के होते, उंचीप्रमाणे ओळीनं लावलेले. मला त्यांनी 'इंजिनिअरसाहेब' म्हटलं. आमच्याकडे पदवीचा उच्चार चुकवणं म्हणजे माणसाच्या पायावर पाय देणं. मी डॉक्टर आहे असं सांगितलं तर त्यांनी विश्वासानं स्वतःच्या पोटाची तक्रार सुरू केली.

तक्त्यात वस्तूचं नाव होतं: फोटॉन. पुढचा रकाना: नग. मी म्हणालो, शून्य पूर्णांक एक दशांश. त्यांनी तसं टंकलं. संगणकानं लाल अक्षरांत नकार दिला. नगाच्या रकान्यात पूर्ण संख्याच चालते.

मी म्हणालो, मग शून्य लिहा. ते म्हणाले, शून्य नग असलेली वस्तू म्हणजे रिकामी पेटी, आणि रिकाम्या पेट्या फर्निचरमध्ये जातात, दुसरा मजला. मी म्हणालो, पेटी अगदीच रिकामी नाही. त्यांनी विचारलं, आत्ता या क्षणी आत काय आहे? मी प्रामाणिक माणूस आहे. मी म्हणालो, या क्षणी काही नाही. त्यांनी लेखणी खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, हे मला जास्त लागलं. वेड्या नातेवाइकाकडे बघतात तसं ते बघत होते.

घरी आल्यावर ही हकिगत जिन्यातच हेडविकाबाईंनी काढून घेतली. त्यांच्या मते मी रिकाम्या हातानं गेलो हीच चूक होती. त्यांनी वरून भावाकडची घरगुती आलुबुखाऱ्याची दारू आणून माझ्या हातात दिली आणि मला तसंच परत पिटाळलं. कचेरी बंद व्हायला अर्धा तास होता. मी बाटली क्राटिनांच्या टेबलावर ठेवली आणि हवापाण्याबद्दल बोललो. त्यांनी बाटली उचलली, उजेडात धरली, एक छापील कागद ओढला आणि लिहिलं: स्थानिक गृहोद्योग, अनामिक देणगी, नग एक. शिक्का मारला. बाटली प्रदर्शनात गेली. दोन मिनिटं लागली नाहीत.

त्या बाटलीनं मला खचवलं. बाटलीला नग आहे आणि माझ्या तीस वर्षांच्या विद्येला नाही. मी म्हणालो, लिहा हो, फोटॉन, नग एक. संगणक खूश झाला. शिक्का बसला. आता तक्त्यात एक म्हटलं तर पेटीत एक हवा, म्हणून मंगळवारी मी दोन काळ्या काचा काढल्या आणि झटक्यामागे सरासरी बरोबर एक फोटॉन येईल इतका उजेड वाढवला. हिशेब चोख होता. हेडविकाबाईंचीही सोय झाली, कारण घंटी आता सारखी वाजत होती. त्यांनी येऊन पाठ थोपटली. मी थोडा फुगलोही.

दुपारी बाबा पेटीपुढं येऊन बसले. शुभ्र शर्ट घालून आले होते. मी त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं.

त्यांनी दाबलं. डावी घंटी वाजली. त्यांचा चेहरा असा काही उजळला की ब्लांका स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. पुन्हा दाबलं, काही नाही. पुन्हा, उजवी वाजली. मग त्यांनी चौथ्यांदा दाबलं आणि दोन्ही घंट्या एकदम वाजल्या.

बाबा थांबले. आणखी पाच-सहा वेळा दाबलं. पुन्हा दोन्ही वाजल्या.

"जावईबापू," ते खिडकीकडे न वळता म्हणाले, "तू एक म्हणाला होतास."

मी म्हणालो, सरासरी एकच आहे. ते म्हणाले की कारखान्यात केसभर चुकलेलं भिंग ते स्वतःच्या हातानं हातोडीनं फोडायचे, सरासरी बरी आहे म्हणून कुणाच्या दुर्बिणीत बसवायचे नाहीत. मग आवाज जरा उतरला. "मी शनिवारी जाणार. मला दोन ऐकवून एक होता असं सांगू नकोस. नसेल जमत तर नाही म्हण, मला चालेल."

माझ्या जिवाला फार लागलं. बावन्नाव्या वर्षी माणसाला स्वतःची लाज वाटावी असे प्रसंग कमी येतात, म्हणून ते नीट लक्षात राहतात. मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि पहिल्यांदाच, कुणाला हरवण्यासाठी नव्हे तर सांगण्यासाठी, सगळं सांगितलं. सरासरी एक केली म्हणजे दर वेळी एक येतो असं नाही. शंभर झटके घेतले तर सदतीस रिकामे जातात, सदतिसांत एकटा असतो आणि उरलेल्या सव्विसांत दोन, तीन, कधी त्याहून जास्त. फोटॉन रांगेत उभे राहून येत नाहीत. येतील तसे येतात.

"मग एकटा कधी येतो?"

"तो इतका दुर्मीळ केला की बहुतेक वेळा कुणीच येत नाही, तेव्हा. शंभरात नव्वद-एक्याण्णव रिकामे. पण मग जो येतो तो जवळजवळ नक्की एकटा असतो. वीस वेळा काही आलं तर एकोणीस वेळा एकटाच."

"आणि विसाव्या वेळी?"

"तेव्हा दोन असतात, बाबा. ते मला अजून टाळता येत नाही."

ते हसले. म्हणाले, आम्ही शंभरात सात भिंगं फोडायचो, तू विसात एक सोडतोस, बरं आहे. मग विचारलं, म्हणजे तुझा तो एक दशांश हा दाण्याचा तुकडा नाही, तो तुझा संयम आहे? शास्त्रीय परिषदेत मी हे असं मांडणार नाही, पण त्या दुपारी मला याहून चांगलं उत्तर सुचलं नाही. मी हो म्हणालो. ते म्हणाले, मग तसंच कर आणि उद्या तो कागद बदलून आण. मीही येतो.

शिक्का मिळवणं अवघड असतं असं लोक म्हणतात. त्या लोकांनी कधी शिक्का परत करून पाहिलेला नाही.

बुधवारी सकाळी आम्ही ट्रामनं निघालो. माझ्या मांडीवर पेटी, बाबांच्या हातात काठी. कचेरी बाराला बंद होत होती आणि आमचा नंबर सव्वाअकराला लागला. क्राटिनांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, एकदा एक असलेला नग एक दशांश करायचा तर नऊ दशांश कुठे गेला याची चौकशी लावावी लागेल. चोरी, तूटफूट की नैसर्गिक घट, यांपैकी एका चौकटीत खूण करा. मी तिन्ही चौकटी पाहिल्या. माझा रक्तदाब वाढत होता. मी नैसर्गिक घट म्हणणारच होतो, तेवढ्यात बाबांनी मान वर करून हवेत दोनदा वास घेतला.

"टेबलाखाली टोपली आहे," ते म्हणाले. "जाड देठाची, तपकिरी टोपीची अळंबी. आज पहाटेची. पाइनच्या रानातली."

क्राटिनांनी पायानं टोपली मागं सरकवली. ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक आहे त्यांना सांगायला नको: माणूस इथं स्वतःचा पगार सांगेल, दुखणं सांगेल, पण अळंबी कुठं मिळाली ते बायकोलाही सांगत नाही. बाबा म्हणाले, जागा विचारत नाही, घाबरू नका. यंदा कोरडं गेलंय, किती मिळाली तेवढं सांगा.

क्राटिनांचा चेहरा पडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते कागदाकडे न बघता बोलले. ऑगस्टपासून दहा खेपा झाल्या होत्या, दर वेळी पहाटे चारला उठून. नऊ वेळा टोपली रिकामी. आजच काय ते मिळालं. एक.

"मग खेपेमागे किती?" बाबांनी विचारलं.

क्राटिना हुशार गृहस्थ होते, उत्तर त्यांना आलं होतं, फक्त तोंडातून काढायचं नव्हतं. शेवटी म्हणाले, एक दशांश.

"एखाद्या दिवशी अळंबीचा दहावा तुकडा घरी आणलात का?"

"छे हो. अख्खं मिळतं, नाहीतर मिळतच नाही."

"आणि नऊ दिवस रान खोटं होतं का?"

यावर क्राटिनांनी टोपली पुढं ओढली, रुमाल बाजूला केला आणि ते एकुलतं एक अळंबं आम्हाला दाखवलं. खरंच देखणं होतं. बाबांनी ते बोटांनी चाचपून योग्य ती तारीफ केली. त्यानंतर क्राटिना उठले, मागच्या कपाटातून एक फिकट हिरवा तक्ता काढला आणि खालच्या आवाजात सांगितलं की फुलांच्या प्रदर्शनासाठी हा वेगळा नमुना असतो, कारण कुठली कळी कधी उमलेल याचा नेम नसतो. त्यात नगाच्या रकान्यात आकडा लागत नाही, 'मिळेल तसे' असं लिहिता येतं. त्यामुळे आमच्या गावच्या दप्तरी फोटॉन आजही 'ताजी फुले, फळे व भाजी' या सदरात आहे. माझ्या व्यवसायबंधूंना हे कळू नये अशी माझी इच्छा आहे.

पण शिक्का मारण्याआधी वस्तू पाहणं हा नियम होता. मी पेटी उघडून टेबलावर ठेवली. काळ्या काचा पुन्हा सगळ्या लावलेल्या होत्या. क्राटिनांनी दहा वेळा बटण दाबलं. एकही घंटी वाजली नाही. मी म्हणालो, असं होतं, तीन खेपांत एकदा दहाच्या दहा रिकामे जाऊ शकतात. त्यांनी आणखी दहा वेळा दाबलं. काही नाही. भिंतीवरच्या घड्याळात बाराला सात मिनिटं होती. शिक्का नाही तर टेबल चीजला जाणार, आणि बाबा हेबला निघून जाणार ते जावयानं दोनदा फसवलं असं मनात धरून. त्या क्षणी मला पेटीच्या मागं हात घालून एक काच गुपचूप काढून टाकावी असं वाटलं. एका काचेचा तर प्रश्न होता. मी हात खिशात घातले आणि तिथेच ठेवले.

क्राटिनांनी घड्याळाकडे पाहिलं. बाबा शांतपणे म्हणाले, "नऊ वेळा रिकामे आलात, तरी आज गेलातच ना?"

क्राटिनांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा. आता ते तपासणी करत नव्हते, शोधत होते. शरीर पुढं झुकलं होतं आणि श्वास रोखलेला होता. आणि डावी घंटी वाजली. बारीक, स्वच्छ, एकदाच. उजवी गप्प होती.

"सत्ताविसावा," बाबा म्हणाले. त्यांनी डावीकडे मान वळवली आणि आवाज विरेपर्यंत तशीच ठेवली. "एकटाच होता."

त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले, सांगायला कसली लाज. क्राटिनांनी बटण लगेच आणखी एकदा दाबून पाहिलं, काही झालं नाही, आणि समाधानानं मान हलवून त्यांनी तिन्ही शिक्के मारले. एकच लागत होता. जाताना मला 'डॉक्टरसाहेब' म्हणाले.

गुरुवारी दालन उघडलं. चीजपुढं गर्दी होती, माझ्यापुढं तक्रारी. जो येई तो चारदा बटण दाबून 'बिघडलंय' म्हणून चीजकडे जाई. हेडविकाबाईंनी तर आवाज दिला, वीमाझल, घंटी का वाजत नाही, परवा वाजत होती. अनामिक देणगीची बाटली समोरच्या कपाटात होती; दुपारपर्यंत तिच्यातली पातळी चार बोटं खाली आली, पण नग एकच होता, त्यामुळे दप्तरी काही बिघडलं नाही. माझं मात्र कुठेच लक्ष नव्हतं. कारण बाबा सकाळपासून माझ्या टेबलाशी खुर्ची टाकून बसले होते, शेजारी त्यांचं चाक, हातात कागदाची चिठ्ठी. दारूच्या गुत्त्यात वाढपी प्रत्येक ग्लासामागं रेघ ओढतो, तशा ते चिठ्ठीच्या कडेला बोट ठेवून अंदाजानं रेघा ओढत होते. गर्दी ओसरली की बटण दाबायचे. वाजलं की रेघ.

संध्याकाळी म्हणाले, दोनशे वेळा दाबलं, सतरा वेळा वाजलं.

मी म्हणालो, एकोणीस-वीस अपेक्षित होते, पण सतराही ठीकच.

"बरोबर वीस आले असते तर मी तुझ्यावर संशय घेतला असता," बाबा म्हणाले. सव्वीस वर्षांत माझ्या कामाची तारीफ त्यांनी प्रथमच केली, आणि एवढीच केली.

शनिवारी स्टेशनवर ब्लांका खिडकीशी उभी राहून औषधांच्या वेळा तिसऱ्यांदा सांगत होती. बाबांनी मला डब्यात बोलावलं आणि ती रेघांची चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. उलटून बघ म्हणाले, पण इथं नको, आणि ब्लांकाला दाखवू नको. मागं जाड पेन्सिलीनं काढलेला नकाशा होता: ओढा, दोन वाकडी झाडं, जुना मैलाचा दगड, आणि एक फुली. त्यांची अळंब्यांची जागा. साठ वर्षं त्यांनी ती पोटच्या मुलींनाही सांगितली नव्हती. गाडी सुटली. ब्लांकानं विचारलं, काय दिलं रे बाबांनी? मी म्हणालो, माझ्या प्रयोगाचे आकडे, आणि ते खोटं नव्हतं.

ऑक्टोबरात मी चार वेळा गेलो. पहाटे चारला उठून, टोपली घेऊन, नवे बूट घालून. चारही वेळा रिकामा परतलो. चौथ्या वेळी जिन्यात हेडविकाबाईंनी टोपलीत वाकून पाहिलं आणि विचारलं की सरासरी किती अळंबी आणलीत. मी टोपली काखेत मारून दार उघडलं. माझी मान मात्र ताठ होती.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. तब्येत, हवा, हेबचं बेचव पाणी असं सगळं झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"किती खेपा झाल्या?"

"चार. काही नाही मिळालं."

"म्हणजे सहा राहिल्या. धीर धर, दहाव्याला मिळेलच."

क्षणभर मला हो म्हणायचा मोह झाला. म्हातारा माणूस, इतक्या दुरून बोलतोय, कशाला वाद. पण ज्या माणसानं माझ्या दोन घंट्या पकडल्या होत्या त्याला मी आता काय फसवणार.

"नाही बाबा, तसं नसतं," मी म्हणालो. "रानाला मागचं काही आठवत नाही. पाचव्या खेपेलाही तेवढंच. एक दशांश."

पलीकडे ते खुसखुसले.

"बरोबर. बघत होतो, जागा योग्य माणसाला दिलीय का." आणि फोन ठेवताना म्हणाले, "जा उद्या, लुमिर."

लुमिर. सव्वीस वर्षांत एकदाही नाही. मी फोन ठेवून उठलो, बाल्कनीतली शिडी काढली आणि जिन्यातला बल्ब बदलला.